लहरींचे भय आणि विवेकाची कसोटी

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, ब्रिटनमध्ये मोबाइलचे मनोरे पेटवून देण्याचे प्रकार एकामागोमाग घडले. फाइव्ह-जीच्या लहरींमुळे रोग पसरतो, अशी आवई समाजमाध्यमांतून उठली होती. जाळपोळ झालेल्या मनोऱ्यांपैकी एक बर्मिंगहॅम येथील तात्पुरत्या करोना रुग्णालयाला सेवा देणारा होता. ज्या रुग्णांना नातेवाईक प्रत्यक्ष भेटू शकत नव्हते, त्यांच्याशी बोलण्याचा उरलासुरला मार्गच त्या आगीने धोक्यात आणला. वर्षभराने तीच आवई आपल्याकडे आली. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, उत्तर भारतातील काही भागांत फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळेच माणसे मरत आहेत, असा समज पसरला आणि हरियाणात मनोऱ्यांची मोडतोड झाली. देशात तेव्हा फाइव्ह-जीचे जाळे कोठेही नव्हते; चाचण्यांना परवानगी मिळून जेमतेम आठवडा लोटला होता. अखेर दूरसंचार विभागाला १० मे २०२१ रोजी जाहीर खुलासा करावा लागला. प्रत्यक्ष सेवा सुरू झाली ती १ ऑक्टोबर २०२२ रोजी.

रोगाची ही अफवा एका मोठ्या कुटुंबातली आहे. लशीतून शरीरात चिप सोडली जाते आणि तिच्याद्वारे माणसावर ताबा मिळवला जातो; उपग्रहावरून किंवा मनोऱ्यावरून विचार पेरले जातात; पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे संदेश झळकवून मेंदू वळवला जातो, ही त्याच कुटुंबातली भावंडे. अशा समजुतींकडे हसून दुर्लक्ष करण्याची शहरी, सुशिक्षित वर्गाची सवय आहे. पण त्यांपायी लस नाकारली जाते, मालमत्ता जळते आणि काही घरांत एखादा आजारी माणूस उपचारांवाचून राहतो. म्हणून या समजुतींना उत्तर कसे द्यायचे, हा प्रश्न गांभीर्यानेच घ्यायला हवा.

दाव्याचा उगम

छुप्या संदेशांच्या समजुतीचा उगम तपासण्यासारखा आहे. १९५७ साली जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने असा दावा केला, की न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात आपण पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते संदेश झळकवले. परिणामी पॉपकॉर्नची विक्री ५७.८ टक्क्यांनी आणि शीतपेयाची १८.१ टक्क्यांनी वाढली. दशांश चिन्हासह दिलेले आकडे विश्वासार्ह वाटतात, हा मनुष्यस्वभाव. त्याच वर्षी व्हॅन्स पॅकार्ड यांचे जाहिरातदारांच्या मानसशास्त्रीय क्लृप्त्यांवरील पुस्तक गाजत होते. शीतयुद्धाचे दिवस होते आणि ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द नुकताच रूढ झाला होता. खळबळ उडाली. पुढे १९६२ साली खुद्द व्हिकरींनीच आपल्यापाशी निष्कर्ष काढण्याजोगी माहिती नव्हती, हे मान्य केले. तोवर दावा जगभर पोहोचला होता; कबुली मात्र तितकी दूर गेली नाही. आजही तो ‘प्रयोग’ सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो.

त्याहून बोलका आहे तो कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९५८ साली केलेला प्रयोग. एका लोकप्रिय कार्यक्रमात ‘आत्ता फोन करा’ असा संदेश ३५२ वेळा झळकवण्यात आला. कार्यक्रमात काही छुपा संदेश आहे, एवढेच प्रेक्षकांना सांगितले होते. फोनची संख्या वाढली नाही. पुढे आलेल्या शेकडो पत्रांत कोणालाही संदेश ओळखता आला नाही. मात्र आपल्याला त्या वेळी भूक किंवा तहान लागली, असे अनेकांनी कळवले. कारण पॉपकॉर्नची कहाणी त्यांच्या कानावर आलेली होती. संदेशाचा परिणाम शून्य. संदेश आहे या समजुतीचा परिणाम मात्र खराखुरा!

मोबाइल लहरींविषयीचे प्रयोग हेच सांगतात. या लहरी आपल्याला जाणवतात, त्यांनी डोके दुखते, झोप उडते, असे सांगणाऱ्या व्यक्तींवर अनेक चाचण्या झाल्या. उपकरण चालू आहे की बंद, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि चाचणी घेणाऱ्यालाही नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा ४६ प्रयोगांचा विचार करण्यात आला. त्रास होतो म्हणणाऱ्यांना लहरींचे अस्तित्व ओळखता येते, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. उपकरण बंद असतानाही त्यांना त्रास झाला. म्हणजे ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्रास खरा होता. त्याचे कारण भीती हे होते. उत्तर देणाऱ्याने हा भेद कधीही विसरता कामा नये.

चिपच्या दाव्याला तर शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे. आपल्या मोटारीच्या काचेवरील फास्टॅग हे उदाहरण घ्या. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो क्षणभर चालतो आणि केवळ आपला क्रमांक सांगतो. त्यासाठीही पट्टीएवढा अँटेना लागतो आणि यंत्र काही मीटरच्या आत असावे लागते. लशीच्या बारीक सुईतून जाईल, ऊर्जेविना वर्षानुवर्षे चालेल, दूरच्या मनोऱ्याशी बोलेल आणि वर मेंदूला आज्ञाही देईल, असे उपकरण अस्तित्वात नाही. विचार म्हणजे नेमक्या कोणत्या पेशींचा कोणता खेळ, हेच जिथे विज्ञानाला पुरते उलगडलेले नाही, तिथे तो बाहेरून लिहिणार कोण?

संशयाची मुळे

मग लोक विश्वास का ठेवतात? याचे प्रामाणिक उत्तर असे, की सत्ताधीशांनी आणि कंपन्यांनी संशयाला पुरेसे खतपाणी घातले आहे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने १९५३ पासून ‘एमके-अल्ट्रा’ या नावाखाली माणसांवर, कित्येकदा त्यांच्या नकळत, एलएसडीसारख्या द्रव्यांचे प्रयोग केले. १९७३ साली त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली आणि १९७५ नंतरच्या संसदीय चौकशांतून प्रकरण उघड झाले. मनावर ताबा मिळवण्याचे तंत्र त्यातून हाती लागले नाही. पण प्रयत्न झाला होता, हे खरे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना न सांगता त्यांच्यापुढे येणाऱ्या मजकुरातील आनंदी आणि दुःखी सूर कमी-अधिक करून पाहिला. परिणाम नगण्य, हजारात एखाद्या शब्दाचा होता. परवानगी न घेणे मात्र नगण्य नव्हते. २०१८ साली उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गैरमार्गाने गेल्याचे कंपनीनेच सांगितले; त्यात ५ लाखांहून अधिक भारतीय होते. त्या माहितीच्या बळावर मतदारांची मने हवी तशी वळवली गेली, हा दावा सिद्ध झालेला नाही. माहितीची चोरी मात्र वादातीत आहे.

म्हणूनच ‘हे सगळे थोतांड आहे’ एवढेच उत्तर अपुरे आणि काहीसे अप्रामाणिकही ठरते. ‘फोन माझे बोलणे चोरून ऐकतो’ ही सार्वत्रिक तक्रार घ्या. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासले. गुपचूप संभाषण टिपून बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण काही ॲप पडद्यावरील हालचालींची चित्रे तिऱ्हाइताकडे पाठवत असल्याचे आढळले. जाहिरात अचूक येते, कारण आपण काय शोधले, कोठे गेलो, काय विकत घेतले, याच्या नोंदी आपणच ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवून देत असतो. खरा प्रभाव असा उघड्यावर चालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे, टोपलीत न मागितलेली वस्तू घुसवणे, सदस्यत्व रद्द करण्याची वाट अवघड ठेवणे असे ते प्रकार आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. कल्पित लहरींच्या भयात गुंतलेला नागरिक या खऱ्या लढाईत उतरतच नाही. अफवेचा सर्वाधिक फायदा कोणाला होतो, हे यावरून समजावे.

आणि भाबडेपणा फक्त अडाण्यांचा असतो, असेही नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याचा ‘अनुभव’ साठवलेला आहे की नाही, हे यंत्र सांगते, असा त्या चाचणीचा दावा. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या नेतृत्वाखालील समितीने अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को आणि मेंदूच्या चाचण्या संमतीविना करण्यास मनाई केली. यंत्र मन वाचते, ही श्रद्धा व्यवस्थेच्या अंगातही भिनू शकते आणि तिथे तिची किंमत माणसाच्या स्वातंत्र्याने मोजावी लागते.

उत्तर कसे द्यावे

या समजुती बाळगणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात आणि तिघांना एकच औषध चालत नाही. पहिला गट ऐकीव माहिती पुढे ढकलणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी चार साधे प्रश्न पुरतात: या यंत्राला ऊर्जा कोठून मिळते? ते किती अंतरावरून चालते? परिणाम मोजला कोणी आणि कसा? आणि दावा करणारा काही विकतो आहे काय? लहरी ‘शोषून घेणारे’ स्टिकर आणि लॉकेट बाजारात खपतात, ते या शेवटच्या प्रश्नाचा विसर पडल्यामुळेच. दुसरा गट व्यवस्थेवरचा विश्वास गमावलेल्यांचा. त्यांना खंडनापेक्षा पारदर्शकता हवी. आपल्या इमारतीवरील मनोऱ्याच्या उत्सर्जनाची मोजणी कोणी केली आणि आकडे काय आले, हे विचारण्याचा त्यांचा हक्क आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळीच्या एक-दशांशावर आणली, ही माहितीसुद्धा सोसायटीच्या सभेत कोणी सांगत नाही. मग ती जागा अफवा घेते.

तिसरा गट सर्वांत नाजूक. ‘माझ्याच डोक्यात कोणीतरी यंत्राने विचार घालते, माझ्यावरच पाळत आहे’ अशी अढळ खात्री बाळगणारी, त्यापायी झोप, काम, माणसे तोडणारी व्यक्ती अफवेची नव्हे, तर बहुधा आजाराची बळी असते. हा आजार आधुनिक यंत्रांनी आणलेला नाही. १८१० साली लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील जॉन हॅसलम यांनी जेम्स टिली मॅथ्यूज या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. वायूवर चालणाऱ्या ‘हवेच्या मागा’ने आपले मन विणले जाते, असे तो सांगे. १९१९ साली व्हिएन्नातील व्हिक्टर टाउस्क यांनी रुग्णांच्या कल्पनेतील अशाच ‘प्रभावी यंत्रा’वर निबंध लिहिला. काळ बदलतो तसे यंत्र बदलते: माग जातो, रेडिओ येतो, रेडिओ जातो, चिप येते. अशा व्यक्तीशी वाद घालून तिला हरवण्यात अर्थ नसतो आणि खोटी मान डोलावण्यातही नसतो. ‘तुम्हाला फार त्रास होतो आहे, हे मला दिसते’ एवढे खरे वाक्य बोलून तिला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेणे, हे घरच्यांचे काम. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा त्यासाठी आहे. मांत्रिकाच्या दारी किंवा चित्रफितींच्या नादी गेलेला प्रत्येक महिना उपचार कठीण करतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्रात आयुष्यभर जे काम केले, त्यात श्रद्धाळू माणसाची टिंगल नव्हती. त्याच्या भयावर जगणाऱ्यांना विरोध होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. अंगात येणे आणि भानामती यांच्या जागी आता लहरी आणि चिप आल्या असतील. घाबरलेल्या माणसाशी ममतेने आणि भीतीच्या व्यापाऱ्याशी कठोरपणे वागावे, हा त्यांच्या कामाचा धडा मात्र जुना झालेला नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात सांगितली आहेत. अशा समजुतींना उत्तर देताना त्यांपैकी एक सोडून दुसरे पाळता येत नाही.