टेबलाखालची फळी

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या किनारी पट्ट्यात पावसाळा लागला की लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात. हाताने घडवलेल्या जुन्या टेबलाचेही तेच होते. अशा टेबलाला खाली एक फळी बसवली, तर लहान घरात ग्रंथांची, वह्यांची, शिवणाच्या डब्याची सोय होते. मात्र ती पायांमध्ये घट्ट ठोकून व डिंकाने जखडून बसवली, तर फळी तडकते किंवा वडिलोपार्जित टेबलाचे सांधे उकलतात.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र तो जाणवतो. एक फूट रुंदीची सागवानी फळी कोरड्या व दमट ऋतूंमध्ये 2 ते 3 मिलिमीटर कमी-अधिक होऊ शकते. म्हणून मे महिन्यात फळी बसवताना पायांपाशी तेवढी फट ठेवावी. भर पावसात बसवलेली फळी पुढे आकसते. तेव्हा फट कमी चालते.

माप टेबलाच्या वरच्या भागावरून घेऊ नये. हातच्या कामात चारही पाय अगदी समांतर असतातच असे नाही. फळी जिथे बसायची, त्याच उंचीवर मोजावे. जमिनीपासून सुमारे 15 सेंटिमीटर जागा मोकळी राहिली, तर केरसुणी सहज फिरते आणि खाली बारीक जीव दडून राहत नाहीत. टेबलाच्या दोन्ही आखूड बाजूंना पायांमध्ये आडव्या पट्ट्या बसवाव्यात. त्यांसाठी पायात खाच घेतल्यास ती जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावी. फळी पट्ट्यांवर नुसती टेकवून मधला स्क्रू घट्ट करावा. कडेच्या स्क्रूंची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, म्हणून स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तेल वा पॉलिश फळीच्या दोन्ही अंगांना द्यावे; एकाच अंगाला दिल्यास ती वाकते.

औद्योगिक वसाहतीच्या परिसरात यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात. त्यांवरील शिक्का आधी पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसरे घरात आणू नये. फळीला बारीक छिद्रे असतील व त्यांतून ताजा भुगा गळत असेल, तर तीही घेऊ नये. आधीच पारख केली, तर पुढे कीटकनाशक फवारण्याची वेळ येत नाही. जयणा म्हणतात ती हीच.

फळीचे काम एका दिवसाचे आहे. पण तिला हलायला जागा ठेवली, तर आजोबांचे टेबल नातवंडांच्या अभ्यासालाही पुरते.