सागाचा हट्ट कशाला?

‘घरात लाकडी जमीन करायची तर भरीव सागाचीच, बाकी सारी फसवणूक’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच पटते. लॅमिनेट लाकूड म्हणून विकणे ही फसवणूकच. त्यावर लाकडाचे नुसते छापील चित्र असते. ते झिजले की घासून पॉलिश करता येत नाही.

पण इंजिनिअर्ड फळीला त्याच पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. तिचा वरचा थर अस्सल लाकडाचा असतो. खालच्या प्लायच्या थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्याने दमट हवेत ती भरीव फळीपेक्षा कमी फुगते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा गुण मोलाचा. साग टिकाऊ खराच, पण वाळवीला दाद न देण्याचा गुण पक्क्या झाडाच्या गाभ्याचा. बाहेरच्या फिकट लाकडाला वाळवी लागते.

शिवाय कोबा ओला असेल किंवा भिंतीलगत फुगवट्यासाठी साधारण 10 मिलिमीटर फट सोडली नसेल, तर महागडा सागही उचलला जातो.

तेव्हा वाचकांनी दुकानात फळीचा आडवा छेद पाहावा आणि वरच्या थराची जाडी बिलावर लिहून घ्यावी. तो थर 3-4 मिलिमीटर असेल तर पुढे घासून पॉलिश करता येईल.

— एक वाचक, ठाणे