सियाचिनची थंडी: सवय कुठवर पुरते आणि कपडे कुठून लागतात?

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि मोबाईलवर बर्फात उभ्या जवानांचे फोटो फिरायला लागतात. मग पारावरची चर्चा ठरलेली. एक म्हणतो, ‘काय हाल होत असतील पोरांचे.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘अरे त्यांना सवय असते, चार दिवस गेले की काही वाटत नाही.’ ज्या तालुक्यांत गावोगाव पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतायत, तिथं या दुसऱ्या वाक्याची जरा तपासणी व्हायला पाहिजे. कारण सवय या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक उंचीची सवय, दुसरी थंडीची.

उंचीची सवय खरी आहे, आणि लष्कर ती काटेकोरपणे लावतं. १८ हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो. म्हणून जवानाला थेट वर नेत नाहीत. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस, असे टप्पे असतात. पहिले दोन दिवस तर नुसता आराम. या काळात श्वास वाढतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला लागतात. टप्पा चुकवला तर फुप्फुसात पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते, धडधाकट गडी एका रात्रीत जातो. इथं कितीही भारी जॅकेट असलं तरी उपयोग शून्य. आणि ही सवय टिकतही नाही. सणाला महिनाभर रजेवर घरी आलेला जवान परत जातो तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून टप्पे पाडावे लागतात. घरच्यांना वाटतं, सुट्टी संपली तरी हा लेहमध्ये बसून का आहे? तो बसून नसतो, शरीर तयार करत असतो.

थंडीचं मात्र तसं नाही. सतत गारठ्यात राहिलं की हुडहुडी कमी होते, हाताची बोटं थोडी जास्त काम देतात, मन घाबरत नाही. एवढंच. कातडीतलं पाणी शून्याच्या जरा खाली गेलं की गोठतं, मग तो माणूस पंजाबचा असो, कोल्हापूरचा असो की लडाखचा. उणे चाळीस अंशाला वारा सुटला असताना उघडं बोट काही मिनिटांत मरू शकतं. त्याला हिमदंश म्हणतात, आणि बऱ्याचदा शेवटी बोटं कापावी लागतात. टोमॅटोचं रोप पाणी तोडून कडक केलं तर लावणीला तग धरतं. पण म्हणून ते गारपीट सोसत नाही. तसंच हे आहे.

पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणाऱ्या लोकांकडे बघितलं तरी हे कळतं. चांगथांगच्या पठारावर पश्मिना बकऱ्या राखणारे चांगपा लोक थंडीला सरावलेले आहेत असं आपण म्हणतो. पण ते अंगात जाड लोकरी गोंचा घालतात आणि याकच्या केसांच्या तंबूत राहतात. त्यांचं शरीर विरळ हवेला जुळलेलं आहे, थंडीला तोंड द्यायला त्यांनीही कपडाच शोधला.

नुसत्या हिंमतीवर भिस्त ठेवली की काय होतं ते १९६२ मध्ये दिसलं. नामका चू नदीकाठी पाठवलेल्या ब्रिगेडमधले कित्येक जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत होते. ना टप्पे पाडायला वेळ, ना पांघरायला पुरेसं. लढाई सुरू व्हायच्या आधीच माणसं आजारी पडत होती. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे १६ हजार फुटांवर मेजर शैतान सिंह यांची १३ कुमाऊंची कंपनी लढली. त्यातले बहुतेकांचे देह पुढच्या फेब्रुवारीत बर्फात सापडले, काहींच्या हातात शस्त्र तसंच होतं.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचिनवर ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हा हा धडा बराचसा लक्षात ठेवला होता. युरोपातून मागवलेले बर्फाचे कपडे मोहिमेच्या अगदी तोंडावर पोचले. तरी कॅप्टन संजय कुलकर्णी (पुढे लेफ्टनंट जनरल) यांच्या बिलाफोंड ला वर उतरलेल्या तुकडीतल्या अनेकांना हिमदंश झाला आणि एक जवान उंचीच्या आजाराने गेला. म्हणजे दोन्ही लागतं, आणि दोन्ही असूनही धोका राहतोच. सियाचिनवर शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं घेतलीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, त्यात सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता.

मग प्रश्न राहतो कपड्यांचा, आणि तो पैशाचा आणि कागदांचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. बर्फाच्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के होती. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात विशेष बूट मिळालेच नाहीत, जुनेच बूट फिरवून वापरावे लागले. मास्क, जॅकेट, स्लीपिंग बॅग जुन्या बनावटीच्या घेतल्या होत्या. आकडे मागचे आहेत, आता स्थिती सुधारली आहे, असं उत्तर त्यावर आलं. त्यानंतर चारच महिन्यांनी गलवान घडलं. लष्कराच्या निवेदनातच होतं की १७ जखमी जवान शून्याखालच्या तापमानात उघड्यावर राहिल्याने वाचू शकले नाहीत. त्या हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये जादा फौज ठेवायची वेळ आली तेव्हा थंडीचे कपडे अमेरिकेकडून घाईने घ्यावे लागले. सरहद्दीवर थंडी दरवर्षी त्याच महिन्यात येते, खरेदीची फाईल मात्र दरवेळी उशिराने हलते, हे जरा खटकणारंच आहे. आता डीआरडीओने ‘हिमकवच’ नावाचा थराथरांचा पोशाख तयार केलाय, तो वेळेत किती चौक्यांवर पोचतो ते बघावं लागेल.

सवयीची जी बाजू खरी आहे ती कपडा वापरण्यात आहे. जाड जॅकेट घालून चढ चढला की घाम येतो, थांबल्यावर तोच घाम गोठतो. म्हणून चालायच्या आधी एक थर काढायचा आणि थांबल्याबरोबर परत चढवायचा. आतला बनियन सुती नको, तो ओल धरून ठेवतो. हातमोजा काढून लोखंडाला हात लावायचा नाही, कातडी चिकटते. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे, जोडीदाराचं नाक आणि गाल पांढरे पडतायत का ते एकमेकांनी बघायचं. हे सियाचिनच्या पायथ्याच्या लष्करी शाळेत आठवडेच्या आठवडे घोटून घेतात.

भरतीची तयारी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या खिशात चुना-तंबाखूची पुडी असते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं. इथं गावात त्याचा फरक कळत नाही, तिथं वर हिमदंश आधी त्याच बोटांना गाठतो.