हिशेबाचें बेणें

'जुनें तें सोनें' ही म्हण दागिन्यांस लागू पडते, यंत्रांस नव्हे. सेनगावसारख्या तालुक्याच्या गांवीं सोयाबीन, कापूस व हळद यांची उलाढाल करणारीं दुकानें व पतसंस्था यांचा हिशेब आतां वहीबरोबर संगणकांतही असतो. एखाद्या पेढीवर हिशेबास एक, मालाच्या नोंदीस दुसरा व कागदपत्रांस तिसरा, असे तीन जुने सर्व्हर जमले असतील, तर ते एकाच चांगल्या यंत्रावर आभासी यंत्रें म्हणून चालवावे कीं नाहीं? माझ्या मतें अवश्य चालवावे. मात्र एका अटीवर.

ही युक्ति आजकालची नाहीं. एका मोठ्या संगणकाचे विभाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र संगणकाप्रमाणें वागवणारी प्रणाली आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं जाहीर केली. १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें तीच सोय साध्या संगणकावर आणली. आणि २००७ सालीं 'के. व्ही. एम.' विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट झालें. म्हणजे ही विद्या आज लहान व्यापाऱ्याच्याही आवांक्यांत आहे.

हिच्यांत लाभ काय? लहान पेढीचा सर्व्हर दिवसाचा बराच वेळ जवळजवळ रिकामा बसतो, पण वीज मात्र खातच असतो. तिघांचें काम एकावर आलें कीं वीज, उष्णता व बॅटरीचा भार हीं तिन्ही कमी होतात. शिवाय आभासी यंत्राची डिस्क म्हणजे अखेर एक फाईलच. मूळ यंत्र मोडलें तरी ती दुसऱ्यावर नेऊन काम पुढें चालवितां येतें.

यावर कोणी म्हणेल, "तीन यंत्रें एकाच दिवशीं बिघडत नाहींत, एक बिघडलें तर तिन्ही कामें बुडतील." हा आक्षेप खरा आहे. २०२४ च्या जुलैअखेर एका सेवापुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्या देशांतील सुमारें ३०० लहान बँकांचे पैसे पाठविण्याचे व्यवहार कांहीं काळ थांबले. जेथें सोय एकवटते, तेथें संकटही एकवटतें.

म्हणूनच ती अट. हळद निघाली म्हणजे आमचा शेतकरी सगळी बाजारांत नेत नाहीं. पुढल्या लागवडीचें बेणें निवडून निराळें ठेवतो. हिशेबाचेंही बेणें असावें. रोजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक गांवांतील दुसऱ्या घरीं, यंत्रापासून तोडून ठेवावी. 'स्नॅपशॉट' घेतला म्हणजे झालें, असें समजूं नये. तो त्याच डिस्कवर राहतो व तिच्याबरोबरच जातो. बदल करतांना जुनीं यंत्रें लगेच भंगारांत घालूं नयेत. नव्यावरील एका महिन्याचा ताळेबंद जुळेपर्यंत तीं जपावीं. आणि दर तिमाहीस ठेवलेल्या प्रतीवरून सारा हिशेब पुन्हां उभा करून पाहावा. न उगवणारें बेणें राखून उपयोग काय?

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी वडिलांच्या दुकानाचा कारभार पाहील. नवें यंत्र घेण्याचा उत्साह त्याला असेलच. त्याच दिवशीं दुसरी डिस्कही विकत घेण्याइतका विवेक त्यानें बाळगावा, एवढेंच सांगणें.