नवीनच घ्यायची ना!

गेल्या रविवारी पुण्याहून दादाचा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये होतो, हात ग्रीसने बरबटलेले. काय करतोयस म्हणून विचारलं, तर सांगितलं की रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकची बग्गी करतोय. पलीकडून ठरलेलं वाक्य आलं, "अरे, मग बग्गी नवीनच घ्यायची ना!"

दादा, उत्तर इथे देतो. फोनवर तू बोलू देत नाहीस :)

ट्रक तामियाचा ब्लॅकफूट, मूळ मॉडेल १९८६ चं. गंमत म्हणजे त्याची चासी त्याची स्वतःची नाहीच. १९८३ साली तामियाने 'फ्रॉग' नावाची बग्गी काढली होती. तिच्याच सांगाड्यावर मोठी चाकं आणि फोर्ड पिकअपची बॉडी चढवून हा ट्रक झाला. म्हणजे कंपनीने केलं तर नवीन मॉडेल, आणि मी तेच उलटं केलं तर रिकामटेकडेपणा?

बरं, गरज होती. आमचे चिरंजीव (वय ११) दर वळणावर ट्रक उलटवायचे. गाडी उंच, त्यावर जाड प्लास्टिकची बॉडी, म्हणजे वजन सगळं वर. बग्गीची बॉडी पातळ पॉलीकार्बोनेटची, कात्रीने कापायची नि आतून रंगवायची. चाकं लहान केली की गाडी खाली बसते. बसली! पण वेग पडला. मोटर फिरते तेवढीच, लहान चाक मात्र एका फेरीत कमी अंतर कापतं. चिरंजीवांनी शिवणाच्या टेपने दोन्ही चाकांचे घेर मोजले, आकडे लिहिले आणि विचारलं, "बाबा, मग पिनियनचे दाते किती वाढवायचे?" ह्याच मुलाच्या गुणोत्तर-प्रमाणावरून आमच्याकडे महिनाभर रडारड चालली होती. नवीन बग्गीच्या खोक्यात हे कुठे मिळतं, सांग.

पैशांचं म्हणशील तर मान्य. टायर, रिम, बॉडी धरून नवीन गाडीच्या जवळपास गेलो. बायकोने हिशेब लिहून ठेवलाय, आणि गिअरबॉक्स अजून किरकिरतोच आहे.

पण तुझी सायकल अप्पांनी दांडी कापून, सीट खाली घेऊन मला दिली, तेव्हा तू "नवीनच घ्या" म्हणाला नव्हतास.

असो. डिसेंबरात येतोय. अप्पांचा पान्यांचा डबा काढून ठेव. भंगारात दिला असशील, तर तेही आत्ताच सांग.