करवतीला घरचं-परकं कळत नाही

"घरचंच तर आहे, त्यात लिहायचं काय?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आमच्या घरी लाकडाची वखार आहे. पनवेल-उरण रस्त्याला, न्हावा शेवाच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेला लागून. पत्र्याची शेड, एक मोटर, एक गोल करवत, पुढे ओंडके आणि मागे भुशाचा ढीग. आजोबांनी सुरू केली, अब्बांनी वाढवली, आता माझे दोघे धाकटे भाऊ चालवतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, पण गणित मला त्या वखारीनं शिकवलं.

सहावीत असताना अब्बा माझ्या हातात टेप द्यायचे. ओंडक्याचा मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. ४८ इंच घेर, १० फूट लांबी. चौथा भाग १२ इंच, म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, झाले दहा घनफूट. पुढे वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकले तेव्हा त्याच ओंडक्याचं गणित पुन्हा केलं, तर उत्तर पावणेतेरा घनफुटांच्या जवळ आलं. मी धावत जाऊन सांगितलं, "अब्बा, तुमचं माप चुकतंय." ते हसले. म्हणाले, "चुकत नाही बेटा. साल, गाठी, कडेची फळकुटं, भुसा, सगळं आधीच वजा धरलंय त्यात."

आठवीपासून निकाह होईपर्यंत वखारीची वही मी लिहिली. कुणाचं किती लाकूड आलं, कापाईचे किती झाले, उधारी कुणाकडे राहिली. त्या वहीत माझ्या नावाची ओळ कधीच नव्हती. मलाही ती असावी असं कधी वाटलं नाही. घरचंच तर होतं.

दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसावा उरकला आणि आठवड्याभरात धाकटा एक कागद घेऊन घरी आला. हक्कसोडपत्र. "आपा, तू शिकलेली आहेस, तुला काय समजवायचं? ताईनं सही केलीये. तूही कर. घरचंच तर आहे."

मी सही केली नाही. का केली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. भावांची बदनामी करण्यासाठी नाही, ते मेहनती आहेत आणि मला जीव लावतात. पण ही गोष्ट फक्त माझ्या घरची नाही.

आधी वखारीचं सांगते, म्हणजे कागद आत्ताच का आला ते कळेल. आजोबांच्या काळात इथे भातशेती, मिठागरं आणि मासेमारी होती. वखारीत घरांचे वासे, रिपा, दारांच्या चौकटी आणि होड्यांच्या फळ्या कापल्या जात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. घरं सिमेंटची झाली, होड्या फायबरच्या. वखार बंद पडायची, पण बंदरानंच तिला नवं काम दिलं. कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून लावायचे ठोकळे, पॅलेट, यंत्रांसाठी लाकडी खोके. निर्यातीच्या लाकडी पॅकिंगला आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानाला सलग ३० मिनिटं तापवायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, म्हणजे आतली कीड परदेशी जात नाही. आमच्यासारखे छोटे लोक पट्ट्या कापून देतात, तापवून शिक्का मारायचं काम ज्यांच्याकडे भट्टी आणि मान्यता आहे ते करतात.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. आता वखारीतल्या करवतीपेक्षा वखारीखालची जमीन कितीतरी महाग आहे. करवत फिरत होती तोवर हक्कसोडपत्राची आठवण कुणाला झाली नाही. जमिनीला भाव आला आणि झाली.

दुसरी मौल्यवान वस्तू म्हणजे परवाना. लाकूड आणि कायदा यांचं नातं आमच्या भागाला नवं नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथूनच जवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या खाल्ल्या. स्वतंत्र भारतात १९९६ च्या गोदावर्मन खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयानं सॉ मिलवर कडक लक्ष ठेवलं. नवा परवाना मिळणं अतिशय अवघड झालं, त्यामुळे जुन्या परवान्याला किंमत आली. त्या परवान्याबरोबर रजिस्टर येतं. कुठला ओंडका कुठून आला, वाहतुकीचा पास कुठे आहे, किती कापला, किती शिल्लक. वनखात्याचा माणूस कधीही येऊन तपासू शकतो. अब्बा हे रजिस्टर नमाजाइतक्या नेमानं भरत.

म्हणजे बघा, आमच्या वखारीत प्रत्येक ओंडक्याचा हिशेब आहे. हिशेब नाही तो माणसांचा. पहाटे डबे करून देणाऱ्या अम्मीचा नाही, वही लिहिणाऱ्या मुलीचा नाही. पंधरा वर्षं बिनपगारी राबलेल्या धाकट्या भावाचाही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "घरचंच आहे" या वाक्यात फक्त बायका भरडल्या जात नाहीत.

आणि बोटांचाही हिशेब नाही. माझ्या चाचांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. लहानपणी आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, वखारवाल्यांचे हात असेच असतात असं वाटायचं. मोठी झाल्यावर मी एकदा गणित केलं. ३० इंच व्यासाचं पातं मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाला "हात मागे घेऊ" म्हणायला वेळ नसतो. लाकूड पात्यामागे मिटून पात्याला चिमटलं, की तेच लाकूड उलट फेकलं जातं, कापणाऱ्याच्या पोटावर. बंदरातून भंगारात आलेल्या लाकडात खिळा राहिला असेल तर दात तुटून उडतो. यावर उपाय महाग नाहीत. पात्यावर झाकण, पात्यामागे लाकूड उघडं ठेवणारी लोखंडी पट्टी, शेवटचा तुकडा हातानं नाही तर काठीनं ढकलणं, लाकूड आधी खिळ्यांसाठी तपासणं, सैल बाह्यांचा सदरा न घालणं. पण झाकणानं काम हळू होतं म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवलं जातं. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राला आडोसा हवा असं कलम होतं, पण चार माणसांची घरगुती वखार कामगारांच्या संख्येतच बसत नव्हती. परक्या कामगाराचं बोट गेलं तर भरपाई मागायला तो उभा राहील, ही भीती तरी मालकाला असते. भावाचं बोट गेलं तर आपण "अल्लाहची मर्जी" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मोटर चालू करतो.

शिक्षिका म्हणून मला याहून मोठी काळजी मुलांची वाटते. दरवर्षी माझ्या वर्गातून आठवी-नववीची एक-दोन मुलं गॅरेजवर, वखारीवर, वेल्डिंगच्या दुकानात जाऊ लागतात. बापाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, घरचाच धंदा आहे, शिकतोय." शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा परवानगी देतो, पण धोक्याच्या कामात नाही. मागच्या उन्हाळ्यात माझा पंधरा वर्षांचा भाचा, धाकट्याचा मुलगा, करवतीसमोर उभा दिसला. पायात चप्पल, पात्यावर झाकण नाही. भावाला म्हटलं तर तो म्हणाला, "मीही याच वयात शिकलो." चाचाही याच वयात शिकले होते.

आता वाटणीकडे येते. आमच्याकडे शरियतचा हिशेब स्पष्ट आहे. आधी मयताचं कर्ज, मग असल्यास वसीयत, आणि उरलेल्याची वाटणी. पत्नी, दोन मुलगे, दोन मुली असतील तर मालमत्तेचे ४८ भाग करा. अम्मीला ६, भावांना १४-१४, आम्हा बहिणींना ७-७. पाचवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे. तलाक, टोपी, बुरखा यावर शरियत वाचवायला रस्त्यावर येणारे आपण, हे ७ भाग द्यायची वेळ आली की हक्कसोडपत्राचा स्टॅम्पपेपर आणतो. कुरआनात बहिणीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो भावाची मेहरबानी नाही, आणि न देणं हा रिवाज असू शकतो, दीन नाही.

काही पुरोगामी मित्र मला विचारतात, "मुळात निम्माच का? तो तरी न्याय आहे का?" त्यावर बोलायची माझी तयारी आहे, पण आधी निम्मा तरी हातात पडू द्या, मग पूर्णावर वाद घालू. आणि हिंदू मैत्रिणींना मी म्हणते, २००५ च्या दुरुस्तीनं तुम्हाला भावाइतका वाटा दिला, पण तलाठी कार्यालयाबाहेर हक्कसोडाचे कागद तुमच्याही घरांचे असतात. माहेर तुटेल ही भीती दोघींची एकच आहे.

भावाचं म्हणणं मी टाळत नाही, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणाला, "आपा, तू शाळेत पगार घेतेस. इथे वीस वर्षं भुसा कोण खातंय? टाळेबंदीत माणसांना पैसे द्यायला कर्ज मी काढलं. आणि करवतीचे ४८ तुकडे कसे करू?"

बरोबर आहे. करवतीचे तुकडे होत नाहीत, पण किमतीचे होतात. जमीन, यंत्र, पडलेलं लाकूड, येणं-देणं यांची किंमत काढा. त्यानं टाळेबंदीत काढलेलं कर्ज आधी वजा करा. त्याच्या वीस वर्षांच्या राबण्याचा योग्य मेहनताना धरा, अगदी भरघोस धरा. मग जे उरेल ते ४८ भागांत मांडा. बहिणीला रोख देणं जमत नसेल तर हप्ते करा, पाच वर्षांचे, दहा वर्षांचे. किंवा तिला भागीदार लिहा आणि नफ्यात वाटा द्या. मेहनत आणि मालकी हे वहीतले दोन वेगळे रकाने आहेत. आपण ते एकत्र करतो, म्हणून भावाला वाटतं बहीण फुकटचं मागते आणि बहिणीला वाटतं भाऊ गिळतो. दोघंही मनात कुढतात, कारण कागदावर काहीच नसतं.

अब्बांनी एकदा समजावलेलं मला आठवतं. १२ इंचांच्या चौकोनी लाकडातून इंचाच्या फळ्या काढायच्या. गोल करवतीचं पातं जाड, प्रत्येक कापाला पाव इंच लाकूड खातं. फळ्या निघतात नऊ. पातळ पट्ट्याच्या करवतीनं अकरा निघू शकतात. दोन फळ्या कुणी चोरल्या नाहीत, त्या भुशात गेल्या. नात्यांचंही असंच होतं. कुणी चोर नसतो, पण पाव-पाव इंच जात राहतं. आमच्या भुशाची निदान शेगडी तरी पेटायची.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे, असं मी मुलांना विचारते. कुणी नमाज म्हणतं, कुणी रोजा. ती आहे देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास, असं त्यात कुठेही नाही. हजरत जकरिया सुतार होते, असं हदीसमध्ये आहे. लाकूडकामाला आपल्याकडे इतकी इज्जत आहे. मग त्या कामाचा हिशेब ठेवायची लाज कसली?

मी भावासमोर दोन अटी ठेवल्या. वखारीची किंमत कागदावर मांडायची, आणि करवतीवर झाकण बसवून भाच्याला बारावीपर्यंत पात्यापासून लांब ठेवायचं. हे झालं की माझ्या हिश्शाचं काय करायचं ते मी ठरवीन. कदाचित त्यातला काही भाग मी भावालाच देईन. पण आधी तो माझा आहे हे लिहिलं गेलं पाहिजे. जे आपल्या हातात कधी आलंच नाही, ते माफ करणं ही उदारता नसते.

दोन महिने तो बोलला नाही. ईदला आला तेव्हा हातात अब्बांचं जुनं रजिस्टर होतं. मागच्या कोऱ्या पानांवर त्यानं मोटर, पातं, शेड, लाकूड असं लिहायला सुरुवात केली होती. जमिनीच्या ओळीपुढे आकडा नव्हता. "हा तू काढ," म्हणाला. धाकट्या बहिणीलाही बोलावलं आहे. तिनं सही केली असली तरी तिचे ७ भाग आम्ही मांडणार आहोत. झाकण बसलं आहे, मी जाऊन पाहून आले. भाचा अजून अधूनमधून शेडमध्ये दिसतो. त्याच्या हातात मी टेप दिली आहे आणि घेर मोजायला शिकवते आहे.

तुमच्या घरी वखार नसेल. दुकान असेल, टेम्पो असेल, होडी असेल, शेती असेल. आज रात्री जेवणानंतर एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर त्या धंद्यात राबलेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा, बायकांचंही, गेलेल्यांचंही. रक्कम नंतर भरता येईल.