करंट : मारणारा आणि मोजणारा

मृगाचा पाऊस पडला की पैनगंगेत आणि ओढ्यानाल्यांत चढणीचे मासे निघतात. पोटात अंडी घेऊन ते वरच्या पाण्याकडे धावतात. अशाच दिवसांत बेल्याच्या बाजारात एक भोईकाका भेटले. टोपली अर्धीच होती. म्हणाले, "सर, जाळं हलकं येते आता. रात्री पोरं तारेवर आकडा टाकतात, पाण्यात करंट सोडतात. मोठा मासा तर जातोच, बोटाएवढं पिल्लूही उलटं पडते."

हे वर्गात सांगितले, तर एका विद्यार्थ्याने विचारले, "पण सर, परदेशात सरकारी माणसंच तलावात करंट सोडतात ना?"

पोरगा खोटे बोलत नव्हता. अमेरिकेत, युरोपात मत्स्य खात्याची माणसे होडीवर जनरेटर किंवा पाठीवर बॅटरी घेऊन तलाव तपासतात. त्यांचा प्रवाह एकाच दिशेचा, पण थांबून थांबून सोडलेला असतो. मासा धन टोकाकडे ओढला जातो आणि थोडा वेळ गुंगतो. त्याला झोळीने उचलायचे, जात ओळखायची, लांबी-वजन लिहायचे आणि परत पाण्यात सोडायचे. नुसतीच लहान मासळी मिळाली तर दाटी झाली असेल किंवा मोठे मासे जास्त पकडले गेले असतील; नुसतीच मोठी मिळाली तर पिल्ले जगत नसतील. बीज किती सोडायचे, केवढा मासा धरायचा, हे त्यावरून ठरवता येते.

आकड्याची वीज वेगळी. ती २३० व्होल्टची, दिशा सतत बदलणारी. स्नायू इतके आखडतात की माशाचा कणाच मोडतो. मासा जितका लांब तितका झटका मोठा, म्हणून अंडी भरलेली मोठी मादी आधी जाते. आणि पाण्यात उतरलेल्या माणसाला ही वीज ओळखत नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष घालून मासे मारणे गुन्हा ठरवले. आकडा टाकणे हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे. पण पहारा द्यायचा तो गावानेच.

तेलंगणात तलावांत मोफत मत्स्यबीज सोडण्याची योजना २०१६ साली सुरू झाली. सोडलेले बीज मोजले जाते. जगलेले कोण मोजतो? त्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. ते तसेही काठच्या उथळ पाण्यातच नीट चालते. डेन्मार्कच्या पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत आपल्या जाळ्यानेही जमते. समजा, १०० मासे धरले, पराचे टोक किंचित कातरून सोडले. आठवड्याने ८० धरले, त्यांत खुणेचे ८ निघाले. म्हणजे दहात एक खुणेचा. तलावात साधारण १,००० मासे.

मच्छीमार सोसायटीने वही घालावी, आमच्या पोरांनी तराजू धरावा. रात्री आकडा घेऊन निघणाऱ्या पोरांपैकी एखादा जरी त्या वहीपाशी येऊन बसला, तरी भोईकाकांची टोपली पुन्हा भरायला सुरुवात होईल.